मागचे आवाज

बकरा कापला असं अम्मा सांगत होती आणि तिच्या मागं तोच बकरा ओरडत होता. अशफाकनं पोह्यांचा चमचा बशीत तसाच टेकवला, इयरफोन कानात दाबून बसवले आणि रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. हिंगोली स्टेशनासमोरचं हॉटेल, सकाळची वेळ, अकोल्याकडून आलेल्या गाडीतली माणसं चहावर तुटून पडलेली, आणि हा एकटा कोपऱ्यातल्या बाकावर डोळे मिटून. 'अशफाक बेटा, ईद झाली बरं का. बकरा कापला. तुझा वाटा वाळवून ठेवला हाय. येळेवर जेवत जा.' इथं अम्मा श्वास घ्यायला थांबते, आणि त्या फटीतून तो येतो. सुरुवात बकऱ्याची, शेवट खोकल्याचा. पिल्लू असताना गळ्याला दोरीचा फास बसला होता, तेव्हापासून त्याचा घसा कायमचा बसला. अख्ख्या पुसेगावात तसं ओरडणारं दुसरं जनावर नव्हतं. शेजारच्या मंजुळाबाई विचारायच्या, रहमतबी, तुमचा बकरा बिड्या ओढतो का गं. अशफाकला आधी हसूच आलं. कापायच्या आधी बोलून ठेवलं असेल, झालं. म्हातारं माणूस उद्याचं आज बोलून मोकळं होतं. मन म्हणजे मोठा वकील, कोणी आरोप करायच्या आत बाजू मांडायला उभं राहतं. पण पुढं अम्मा म्हणते, 'यंदा मटण लई चिवट निघालं बाबा, शिजता शिजंना.' आता बोला. शिजून, ताटात पडून, दाताखाली चिवट लागलेला बकरा मागं उभा राहून खोकत होता. पोहे गार झाले. हॉटेलवाल्यानं दोनदा बघून तिसऱ्यांदा विचारलं, साहेब, दुसरे गरम देऊ का, तर यानं नुसतीच मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही हे त्यालाही सांगता आलं नसतं.

हे रेकॉर्डिंग त्यानं आधी ऐकलं नव्हतं असं नाही. ईदच्या आठवड्यातच ऐकलं होतं, तिकडं वाळवंटात, पत्र्याच्या शेडमध्ये, जनरेटर धडधडत असताना. कॅम्पवर सगळ्यांचे फोन जमा करून घेत आणि आठवड्यातून एकदा घटकाभर हातात देत. तेवढ्या घटकेत शेडमधली झाडून सारी माणसं आपापल्या घराशी ओरडून बोलत. कोणाचं लेकरू पडलेलं, कोणाच्या मेव्हण्याचं लग्न मोडलेलं, सगळ्यांचे संसार त्या एका पत्र्याखाली. अशफाक एक कान बोटानं बुजवून दुसऱ्यानं अम्माचं ऐकायचा, आणि तिचा आवाज आला एवढ्यावरच त्याचं पोट भरायचं. तिला साधा फोन जमायचा नाही. ऐकू कमी यायचं, समोरच्यानं विचारावं एक आणि हिनं सांगावं दुसरं. म्हणून रेकॉर्डिंगची युक्ती त्यानंच काढली होती. तिनं बोलून पाठवायचं, यानं बोलून पाठवायचं, मग तिनं फोन कानाशी धरून पाहिजे तितक्यांदा ऐकायचं. सारा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा हे बिनबोभाट चाललं. काम संपलं, फोन कायमचा हातात आला, तेव्हा तो हैदराबादला बायकोकडं न जाता तडक इकडं निघाला, कोणालाही न कळवता. आधी अम्मा, मग बाकीचं, असं गाडीत बसतानाच ठरवलं होतं. एकदम दारात उभं राहायचं आणि तिची बोलती बंद करायची, एवढाच त्याचा बेत होता.

कामाचं म्हणाल, तर अशफाक एका खाजगी कंपनीत डिकॉय बनवायचा. डिकॉय म्हणजे फसवं विमान. माणसाच्या उंचीचं, पंख मिटलेलं, खऱ्या लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगून न्यायचं आणि हवेतच सोडून द्यायचं. सुटलं की ते पंख उघडतं आणि पुढं पळतं. शत्रूचं रडार आभाळात हाक मारत असतं, ती हाक जाऊन आदळली की परत येते आणि त्यावरून त्यांना कळतं तिथं काय आहे. हे चिमुरडं ती हाक पकडतं, पोटात साठवतं आणि फुगवून परत देतं. तिकडच्या पडद्यावर भलंथोरलं विमान उमटतं. मग सारी मिसाइलं त्याच्या मागं लागतात, आणि खरी विमानं बाजूनं सुखरूप निघून जातात. खोटं बोलायची पगारी नोकरी, असं तो दोस्तांत म्हणायचा. त्यातही त्याचं काम वेगळं. पहिल्या चाचणीत त्यांचा डिकॉय आपल्याच रडारवाल्यांनी बघताक्षणी ओळखला होता, कारण त्यानं दिलेलं उत्तर फार साफ होतं. खरं विमान वळतं, हेलकावतं, त्याच्यावरून परतणारी हाक थरथरते, मधेच बारीक होते, मधेच अंगावर येते. यांचं उत्तर मास्तरापुढं पाठ म्हणणाऱ्या पोरासारखं एकसुरी. सगळ्यांची तोंडं उतरली. त्यानंतर अशफाकनं कित्येक महिने बसून त्या साफ उत्तरात घाण परत घातली, थरथर घातली, चुका घातल्या, आणि या खेपेला वाळवंटात आपले ते रडारवाले शेवटपर्यंत खोट्यालाच खरं धरून बसले. साहेबांनी पाठ थोपटली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, अम्माला सांगितलं तर ती काय म्हणेल.

कारण तिला ठाऊक होतं. एप्रिलअखेरीस तो चार दिवस घरी आला होता, कॅम्पवर जाण्याआधी. अंगणात अम्मा सुपात तुरीची डाळ निवडत बसलेली, पलीकडं तो बकरा, ओसरीवर मोठा भाऊ कादर गादीचा कापूस पिंजतोय, त्याच्या छातीवर रुळणाऱ्या दाढीत कापसाचे पुंजके अडकलेले. बापाचा धंदा कादरनंच पुढं चालवला. अशफाक शिकला, त्यालाही कादरनंच शिकवलं. अम्मा म्हणाली, 'तू करतोस तरी काय रे तिकडं? लोक इचारतात तर मला सांगता येत न्हाई.' अशफाकनं तिला समजेल असं सांगितलं, पेपरात छापून येतं तेवढंच, मोठ्या आवाजात, कानाशी वाकून. ती म्हणाली, 'म्हंजे त्यांनी हाक मारायची आन् तुझ्या त्या पोट्ट्यानं बापाच्या आवाजात ओ द्यायची.' इतकं नेमकं कोणी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो खूश झाला आणि खूश माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. 'आन् त्यांना कळत न्हाई?' तिनं विचारलं. 'आधी कळलं होतं,' तो म्हणाला. 'फार साफ बोलला की कळतं. खोटं खपतं ते मागच्या आवाजांवर, अम्मा. मागचे आवाज पुसायचे नाहीत.' ती हं म्हणाली आणि डाळीतला खडा काढून फेकला. मग जरा वेळानं, 'आन् मधीच घरी यावं लागलं तर रे?' तर हा म्हणाला, मधेच निघालेल्या माणसाला परत आत घेत नाहीत. कोणालाच घेत नाहीत, आणि आपल्यासारख्याला तर विचारायलाच नको. आपल्यासारख्याला, हा शब्द त्यानं सहज टाकला होता, चेष्टेवारीच. पण सुपातला तिचा हात थांबला होता, हे आता त्याला हॉटेलच्या बाकावर बसून दिसलं. तेव्हा दिसलं नव्हतं.

सेनगावकडं जाणारी जीप भरायला वेळ लागतो. लालसिंग ड्रायव्हरनं त्याला ओळखलं, पुढं बसवलं, आणि नेहमी तोंडाचा पट्टा सुरू असणारा हा माणूस गाडी सुरू करून गप्प बसला. अशफाकच्या ते लक्षात आलं आणि त्यानं ते मनातून ढकलून दिलं. जीप गाव सोडून बाहेर पडली. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, मधेमधे हळदीची हिरवी पानं, आणि मागच्या बाया रेशनबद्दल तावातावानं बोलत होत्या. त्यानं रेकॉर्डिंगं एकामागून एक लावली. आता तो अम्माचं बोलणं ऐकत नव्हता. आयुष्यभर जे काम केलं तेच करत होता, बोलण्याला बाजूला सारून उरलेलं ऐकत होता. 'पाऊस बरा झाला, पेरण्या झाल्या,' म्हणणाऱ्या निरोपामागं कोरड्या पाचोळ्यावर कोंबड्या उकरत होत्या. जूनच्या निरोपात आणि जुलैच्या निरोपात एकच भंगारवाला त्याच चालीत ओरडत एकाच बाजूनं निघून जात होता. सगळं एखाद्या दुपारचं, फार तर दोन दुपारचं. 'हं, आता कादरचं पाय दुखायचं बोलते,' असं एका निरोपाच्या आरंभी ती पुटपुटली होती आणि तेही कोणी कापलं नव्हतं. मागचे आवाज पुसायचे नाहीत. आणि मग मागच्याच आठवड्यातला निरोप, ज्यात ती म्हणते, 'तुझी लई याद येते रे लेकरा, कवा येतोस?' त्याच्या मागं लांबून एक माणूस हसला आणि म्हणाला, 'भाई, चहा झाला का?' अशफाकनं ते परत लावलं. परत लावलं. लालसिंगनं तिरक्या नजरेनं बघितलं. तो हसणारा माणूस तो स्वतः होता. एप्रिलच्या त्या चार दिवसांत तो घरात होता. तो दहा पावलांवर ओसरीवर बसून चहा मागत होता, आणि ती अंगणाच्या टोकाला, फोन तोंडाशी धरून, तुझी याद येते म्हणत होती.

असं झालं की माणसानं काय करावं? ओरडावं की गाडीतून उडी टाकावी? त्यानं बायकोला फोन लावला. आफिफा हिंगोलीचीच, अम्माची लाडकी सून, सासूनं आपण होऊन पसंत केलेली. तिनं हॅलो म्हटलं आणि त्यानं विचारलं, 'आफिफा, अम्मा कधी गेली?' मागच्या बाया एकदम गप्प झाल्या. आफिफा म्हणाली, 'तुमी कुठं हायत?' झालं. जिवंत सासूबद्दल असं विचारलं असतं तर ती अंगावर धावून आली असती, काय अभद्र बोलताय म्हणाली असती. तिनं विचारलं, तुमी कुठं हायत. 'तू होतीस तिथं?' तो म्हणाला. 'होते,' ती म्हणाली. 'दोन महिने झाले. शेवटची आंघोळ गुलनाजभाभीनं आन् मी घातली.' मग ती रडायला लागली आणि रडतारडता सांगू लागली, की पोटात गाठ होती, मार्चमध्येच कळलं होतं, नांदेडच्या डॉक्टरनं हात टेकले होते, आणि अम्मानं सगळ्यांना एकेकाला जवळ बसवून कुराणावर हात ठेवून कसम घ्यायला लावली होती, काम संपेपर्यंत अशफाकला सांगायचं नाही. 'मी काय करायचं होतं, तुमीच सांगा,' असं ती म्हणत होती. त्यानं फोन बंद केला. एप्रिलमध्ये आफिफा त्याच्याबरोबर होती, त्याची बॅग तिनंच भरली होती, आणि तिला तेव्हाही ठाऊक होतं.

त्याला रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग मेलेल्या माणसावर आला याची त्याला लाजही वाटली नाही. आई गेली की माणूस पोरका होतो म्हणतात. हा पोरका होऊन दोन महिने झाले होते आणि याला कोणी तेवढंही होऊ दिलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत तो शेडमध्ये दोस्तांबरोबर हसला, पत्ते खेळला, तिला बिकानेरचे रंगीत दुपट्टे कसे असतात ते सांगत बसला. कबरीवर सख्ख्या लेकाच्या हातची मूठभर मिट्टी, एवढंच तर आईचं शेवटचं देणं असतं, ते तिनं स्वतःच नाकारलं आणि वर याद येते म्हणाली. कोणाला म्हणाली? त्या यंत्राला म्हणाली. आणि त्याचीच विद्या, त्याच्याच तोंडून काढून घेऊन, त्याच्यावर वापरली. रडारवाल्यांना निदान ठाऊक तरी असतं की समोरचा आपला शत्रू आहे. पण सगळ्यात खोल दुसरंच काही रुतलं होतं, आणि ते हळूहळू वर येत होतं. ठीक आहे, उन्हाळ्यात ती हिंडतीफिरती असताना तिनं असं ठरवलं. शेवटी काय झालं? माणूस शेवटी ठरवल्यासारखं वागत नाही. शेवटी तिनं मला बोलावलं का? आता त्याला जगातली एवढी एकच गोष्ट हवी होती. बोलावलं नसेल तर ती दगड होती, आणि बोलावलं असेल तर बाकीचे सगळे दगड.

पुसेगावला तो उतरला तेव्हा लालसिंगनं इंजिन बंद केलं. 'साहेब, वाईट वाटून घेऊ नका,' तो म्हणाला, 'पण अम्माच्या मय्यतीला तुमी दिसले न्हाईत, लोक बोलून राहिले होते. कादरभाईनं सांगितलं, कळवलं होतं पण सुट्टी भेटली न्हाई.' अशफाक म्हणाला, 'असं सांगितलं?' लालसिंग म्हणाला, 'व्हय. मी म्हणलं लोकांना, सरकारी काम असतं, तुमाला काय कळतंय.' त्यानं अगदी मायेनं सांगितलं, आणि अशफाकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून आभार मानले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. रस्त्यानं जाताना दोघातिघांनी सलाम केला. त्या सलामांत जराशी कसर आहे असं त्याला वाटलं, किंवा नसेलही, पण आता त्याला प्रत्येक गोष्टीच्या मागचं ऐकू येऊ लागलं होतं.

कादर ओसरीवर गादीला टाके घालत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि दाभण गादीतच राहिलं. अशफाकनं आधी त्याला ओळखलं नाही. मोठ्या भावाची ती छातीवरची दाढी, त्याला कळायला लागल्यापासूनची, नव्हती. बोटभर वाढलेली पांढरीकाळी खुटं होती, आणि त्यातून भावाची हनुवटी दिसत होती, जी त्यानं जन्मात कधी पाहिली नव्हती. कादर म्हणाला, 'बस. पाणी पी आधी.' आतून त्याची बायको गुलनाजभाभी आल्या, याला बघून पदर तोंडाशी नेला आणि तशाच परत आत गेल्या. अशफाक बसला नाही. 'भाई, किती उरलेत?' त्यानं विचारलं. कादरला काय ते कळलं. त्यानं उशाखालून अम्माचा जुना फोन काढला आणि गादीवर दोघांच्या मध्ये ठेवला. 'सहासात निरोप असतील,' तो म्हणाला. 'कोनतं कवा धाडायचं ते तिनंच सांगून ठेवलं होतं. पण तुझं येगळंच काही इचारणं आलं, तर त्याला बसंल असं हुडकावं लागायचं. त्यासाठी तुझं सगळं ऐकावं लागलं.' मग परत म्हणाला, 'सगळं ऐकलं.' अशफाकनं अम्माला काय काय सांगितलं होतं ते त्याला आठवलं. भाईला कळू देऊ नकोस, पण परत आलो की तुला हैदराबादला नेतो. भाई तुला तिथं कुजवतोय. त्याला तुझी नाही, घराची काळजी. भाईवर भरवसा ठेवू नकोस. हे सगळं कादरनं याच ओसरीवर बसून, कानाशी फोन धरून ऐकलं होतं, आणि मग शोधून शोधून उत्तर पाठवलं होतं, 'कादर माझं लई करतो रे, तू फिकीर करू नको.' त्या वेळी अशफाकला वाटलं होतं, अम्मा भोळी आहे.

पण हे तोंड लपवायचं काम नंतरचं. तो म्हणाला, 'ते राहू द्या. मला एकच सांगा. शेवटी तिनं मला बोलावलं का?'

कादरनं शेवटचा टाका बोटानं ओढून बघितला. 'तिनं आधीच सांगितलं होतं,' तो म्हणाला, 'का मी मागितलं तरी त्याला बोलवू नका. माणूस शेवटी काही पन बोलतो, त्याच्यावर जाऊ नका.'

'म्हणजे बोलावलं.'

'बोलावलं.' कादरचा आवाज खाली गेला. 'आखरी आठवड्यात. दुसरं काही बोलतच न्हव्हती. अशफाकला बोलवा, अशफाकला बोलवा. गुलनाज म्हणली, बोलवा आता, कसम गेली चुलीत. मी म्हणलं, न्हाई. मग म्हणायला लागलो, अम्मा, बोलावलं, निघाला तो. अकोल्यात आला. हिंगोलीत उतरला. जीपमधी बसला. ती दारावरून नजर काढंना. दिसत न्हव्हतं फार, औषधानं डोळे गेले होते, पन तोंड दाराकडंच.' त्यानं हनुवटीवरून हात फिरवला, दाढी असताना फिरवायचा तसा, आणि हात मोकळाच खाली आला. 'मग मी सेनगावला गेलो. इथं काढली असती तर गावानं बघितलं असतं. तिथं न्हाव्याकडं बसलो आन् सगळी उतरवली. तुझा तो जुना चौकड्याचा शर्ट घातला. दारातून आलो, चपला वाजवत. म्हणलं, अम्मा, मी आलो. तुझ्यासारखं म्हणलं, तू म्हणतोस तसं ओढून.'

अशफाक आता खाली बसला होता. कधी बसला ते त्याला कळलं नाही. आतून भाभींच्या रडण्याचा आवाज येत होता आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता. पंचवीस वर्षांची दाढी. हा माणूस, जो पाचही वक्तांची नमाज चुकवत नाही, ज्यानं लग्नातही वस्तरा लावू दिला नव्हता, तो सेनगावच्या खुर्चीत बसून आरशात बघत असेल. अशफाकला क्षणभर त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, एवढं करण्यापेक्षा एक फोन. कॅम्पचा नंबर याच्याकडं होता. एक फोन, दाढी करायला लागतो त्याच्यापेक्षा कमी वेळ.

'तिनं गालावर हात ठेवला,' कादर म्हणाला. 'ठेवूनच बसली. फिरवला. कानापासून हनुवटीपर्यंत. मग म्हणली, कादर, दाढी काहून काढलीस रे?'

'मग?'

'मी म्हणलं, अम्मा, मी अशफाक. तर म्हणली, बरं. आन् तोंड भिताडाकडं केलं. मग काही बोलली न्हाई. पाणी पन घेतलं न्हाई आमच्या हातचं.'

अशफाकच्या डोक्यात ते आता एकामागून एक जुळत चाललं होतं, नको असताना जुळत होतं. तिला सांगितलेलं की बोलावलंय. सांगितलेलं की निघालाय, आलाय, जीपमध्ये बसलाय. आणि दारातून आला तो कादर. म्हणजे तिनं काय समजायचं? तिला वाटलं असणार की यांनी बोलावलं आणि धाकटा आलाच नाही. आपलं काम सोडून आला नाही. आणि थोरला बिचारा त्याची लाज झाकायला दाढी काढून बसलाय. ती अशफाकवर रुसून, तोंड फिरवून गेली. तो जिथं नव्हता तिथं, ज्याची त्याला खबरही नव्हती अशा गुन्ह्यासाठी, सगळं त्याच्यावर येऊन आदळलं होतं.

'भाई,' तो म्हणाला, 'तिला एवढं तरी सांगायचं होतं की मला कळवलंच नाही. एवढंच. अम्मा, त्याला ठाऊक नाही. तेव्हा सांगता आलं असतं ना?'

'आलं असतं,' कादर म्हणाला. 'ती रात्रभर जागी होती.'

'मग?'

कादरनं गादीतलं दाभण उपसलं, आणि ते हातात धरून बसला. 'त्याच आठवड्यात तुझं आलं होतं, भाईवर भरवसा ठेवू नको म्हणून. त्याच्यामुळं म्हणत न्हाई मी. तसं न्हाई.' तो पहिल्यांदा धाकट्या भावाच्या डोळ्यांत बघत होता. 'सांगितलं असतं तर ती माझ्यावर तोंड फिरवून गेली असती, अशफाक. चाळीस वर्सं मी तिच्याजवळ ऱ्हायलो. मला ते सोसलं नसतं. तुझ्यावर रुसून गेली, ते मला चाललं.'